घोडी कुठे अडली? दख्खनच्या लढायांतील घोडदळ, भूभाग आणि पायदळ : एक आढावा

१. प्रश्न काय आहे

मोहोळ तालुक्यातील आष्टी हे गाव मराठ्यांच्या इतिहासात २० फेब्रुवारी १८१८ या एका दिवसामुळे नोंदले गेले. सरसेनापती बापू गोखले त्या दिवशी इथे पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशवाईचा शेवट म्हणून आष्टीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. लष्करी इतिहासाच्या अंगाने मात्र आष्टीच्या लढाईकडे पाहिले, तर ती एका जुन्या आणि मोठ्या वादाच्या मध्यावर उभी असलेली दिसते. दीडशे वर्षे हिंदुस्थानभर दौडलेले मराठी घोडदळ अखेरच्या काळात पुन्हा पुन्हा का अडले? त्याला ओढ्यानाल्यांनी, चिखलाने आणि गावकुसांनी अडवले, की संगीन रोखून उभ्या असलेल्या पायदळाच्या रांगांनी? की अडचण मुळात घोडदळाच्याच घडणीत होती?

या प्रश्नावर इंग्रज सेनानींनी, मराठी इतिहासकारांनी आणि अलीकडच्या लष्करी अभ्यासकांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांचा, आणि ती ज्या लढायांवर उभी आहेत त्या लढायांचा हा आढावा आहे. कोरेगावसारख्या लढाईला पुढे मोठा सामाजिक अर्थ लाभला. तो विषय स्वतंत्र आणि महत्त्वाचा आहे. इथे तिचा विचार फक्त घोडा, जमीन आणि पायदळ या तीन गोष्टींपुरता केला आहे.

२. पार्श्वभूमी : मराठी घोडदळ कशासाठी घडले होते

मराठी घोडदळाचा जन्म समोरासमोरच्या धडकेसाठी झालाच नव्हता. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली, तेव्हा भूभाग हेच शिवाजी महाराजांचे मुख्य शस्त्र होते. पुढे १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला जेरीस आणले, तेही त्याच्या तोफांवर घोडी घालून नव्हे. त्याने निजामाची रसद आणि पाणी तोडले आणि त्याला अडचणीच्या जागी ओढत नेले. वेग, लांब पल्ला, शत्रूची दाणावैरण जाळणे आणि तो थकला की तुटून पडणे, ही या घोडदळाची रीत होती.

या रीतीला साजेसा घोडाही होता. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा काटक, हलका आणि थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारा. युरोपातील जड घोडदळाचा उंच, भारी घोडा धडकेसाठी पोसला जाई, भीमथडी मजलेसाठी. स्वारांतही दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटीच जाई. मोगल लष्कराचा अभ्यास करणाऱ्या विल्यम आर्विन यांनी दाखवले आहे की, स्वतःचा घोडा असलेला स्वार तो निश्चित मरणाच्या तोंडी घालायला कचरे. मराठी फौजेत शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले, तसा हा मुद्दा तिलाही लागू झाला.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून दख्खनमध्ये दुसरी एक गोष्ट आली, ती म्हणजे कवायती पायदळ. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या गारद्यांचा प्रभाव पाहून सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखान गारद्याला पदरी घेतले. १७८० नंतर महादजी शिंद्यांनी युरोपीय सेनानी द ब्वाञ्ञकडून पलटणी उभ्या करवल्या. त्यामुळे मराठे या प्रश्नाच्या एकाच बाजूला होते असे म्हणता येत नाही. अनेक रणांगणांवर घोडदळ अडवणाऱ्या संगिनी मराठ्यांच्याच होत्या. चर्चेत ही गोष्ट बरेचदा निसटते.

३. हल्ल्याचे गणित

लढायांकडे वळण्याआधी हल्ला म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहायला हवे. भरधाव घोडा शंभर मीटरचे अंतर नऊ-दहा सेकंदांत कापतो. त्या काळची गुळगुळीत नळीची बंदूक नेमकी लागायची ती साधारण तेवढ्याच टप्प्यात, आणि चांगला शिकलेला शिपाईही मिनिटाला दोन-तीन फैरींपेक्षा जास्त झाडू शकत नसे. म्हणजे घोडदळ टप्प्यात आल्यापासून अंगावर येईपर्यंत पायदळाच्या हाती एक, फार तर दोन फैरी. ती फैर घाईने लांबून झाडली, तर बंदूक भरत असतानाच स्वार येऊन भिडत. ती राखून ठेवली, तर पुढची सगळी रांग कोसळे आणि मागच्या घोड्यांना पडलेल्या घोड्यांचा अडथळा होई.

दुसरे गणित रुंदीचे. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोन माणसांची रुंदी आणि एका घोड्याची रुंदी साधारण सारखी. चौकोनात माणसे चार रांगांत उभी असली, की एका घोड्यासमोर सात-आठ संगिनी येतात. चौकोनाला पाठ नसते आणि बगलही नसते, म्हणून घोडदळाचा हुकमी डाव, म्हणजे वळसा घालून मागून मारणे, तिथे चालत नाही. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला फ्रेंच घोडदळ दुपारभर इंग्रजी चौकोनांभोवती फिरत राहिले, पण ते फोडू शकले नाही. जॉन कीगन यांनी १९७६ च्या ‘द फेस ऑफ बॅटल’मध्ये या लढाईची चिकित्सा करताना दाखवून दिले की, घोडा माणसांच्या घट्ट भिंतीवर सहसा स्वतःला आदळत नाही. तो थांबतो किंवा बाजूने निघून जातो. टक्कर होते ती प्राण्यांची नव्हे, मनांची. आधी कोणाचे मन खचते, यावर निकाल लागतो.

या नियमाला अपवाद आहेत. १८१२ मध्ये स्पेनमधील गार्सिया एर्नांदेझ इथे जर्मन ड्रॅगूनांनी फ्रेंचांचा चौकोन फोडला. गोळी लागलेला एक घोडा स्वारासकट चौकोनावर कोसळला आणि तिथे पडलेल्या भगदाडातून बाकीचे आत घुसले. म्हणजे चौकोन अभेद्य नव्हता. तो फुटायला अपघात, घाबरट शिपाई किंवा ओली दारू लागे.

भूभागाचे काम या गणिताच्या अलीकडचे आहे. ओढा, दलदल, नांगरलेले काळे रान, दाट गवत किंवा गावकूस यांनी घोडदळाची गती आणि रांग मोडते. गती मोडली की नऊ सेकंदांचे वीस-तीस सेकंद होतात आणि पायदळाला आणखी एक-दोन फैरी मिळतात. रांग मोडली की घोडे एकेकटे पोहोचतात. एकूण वादाचा गाभा इथे आहे. भूभाग वेळ चोरतो, रचना तो वेळ वापरते. यांपैकी निर्णायक कोणते, यावर मतभेद आहेत.

४. भूभागाच्या बाजूचा पुरावा : असई, खडकी, कोरेगाव

भूभागाला झुकते माप देणाऱ्यांचा सर्वांत भक्कम दाखला खडकीचा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज आणि कर्नल बर याची ब्रिगेड समोरासमोर आल्या. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या अंदाजाने पेशव्यांकडे १८,००० घोडदळ आणि ८,००० पायदळ होते, इंग्रजांकडे सगळे मिळून २,८०० च्या आसपास. पेशव्यांच्या चाकरीतला पोर्तुगीज अधिकारी पिंटो आपली पलटण घेऊन पुढे आला. त्याला मागे रेटताना इंग्रजांच्या सातव्या देशी पलटणीचे शिपाई पाठलागाच्या भरात आपली रांग सोडून पुढे सरकले. बापू गोखल्यांना हवी होती तीच ही संधी होती. जरीपटक्यासह निवडक सहा हजार स्वार त्या उघड्या पडलेल्या पलटणीवर सुटले.

पण दोन्ही बाजूंना ठाऊक नसलेली एक खोल दलदल मध्ये होती. पुढचे घोडे तीत रुतले आणि कोलमडले, मागचे त्यांच्यावर आदळले. बरने पलटणीला जागीच थांबवून रांग जुळवायला लावली आणि फैर राखून ठेवायचा हुकूम दिला होता. स्वार चिखलात अडकल्यावर ती फैर झाडली गेली. काही थोडे स्वार रांगेपर्यंत पोहोचले, बाकीची लाट ओसरली. जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित त्याच लढाईत पडले. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून ८६, तर मराठ्यांचे सुमारे ५०० असा आकडा ग्रँट डफने दिला आहे.

या घटनेचे दोन अर्थ लावले जातात. एक असा की, दलदल नसती तर रांग सोडलेली पलटण कापली गेली असती आणि त्या दिवसाचा निकाल वेगळा लागला असता. दुसरा असा की, दलदलीने फक्त वेळ दिला. त्या वेळात शिपाई पळाले असते, तर दलदलीचा उपयोग शून्य होता. पुरावा दोन्ही अर्थांना जागा देतो. गोखल्यांनी निवडलेला क्षण मात्र अचूक होता, यावर दुमत नाही. जुळलेल्या रांगेवर नव्हे, तर सुटलेल्या तुकडीवर त्यांनी घोडी घातली. १८०० च्या धोंड्या वाघाविरुद्धच्या मोहिमेत आणि १८०३ च्या युद्धात ते पेशव्यांच्या फौजेसह इंग्रज सेनानी वेलस्लीच्या बरोबर होते. कवायती पायदळ कशाने मोडते आणि कशाने मोडत नाही, हे त्यांनी आतून पाहिले होते.

असईला (२३ सप्टेंबर १८०३) भूभाग आणखी वेगळ्या रीतीने कामी आला. आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ही लढाई झाली. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे आहेत, म्हणजे मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीने केळणा ओलांडली. नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत शिरल्यामुळे त्याच्या दोन्ही बगला पाण्याने राखल्या गेल्या आणि मराठ्यांच्या प्रचंड घोडदळाला वळसा घालायला जागाच उरली नाही. हे घोडदळ लढाईत खऱ्या अर्थाने उतरले ते एकाच ठिकाणी. ७४ वी पलटण वाट चुकून असई गावाच्या तोफांपुढे गेली, तेव्हा मराठी स्वार तिच्यावर तुटून पडले. उरलेल्या शिपायांनी चौकोन करून तग धरला, तोवर मॅक्सवेलचे घोडदळ धावून आले. दिवसअखेर इंग्रजांचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. त्यातला मोठा वाटा शिंद्यांच्या तोफांचा होता, घोडदळाचा नव्हे.

कोरेगावला (१ जानेवारी १८१८) भूभाग म्हणजे खुद्द गाव. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे ५०० देशी पायदळ, ३०० च्या आसपास स्वार आणि दोन तोफा होत्या. रात्रभर चालून आलेली ही तुकडी पेशव्यांच्या फौजेला पाहताच गावात शिरली. गल्ल्या, भिंती आणि घरे यांच्यात हजारो स्वारांचा काही उपयोग नव्हता, म्हणून दिवसभर गावात लढले ते पेशव्यांच्या बाजूचे अरब आणि इतर पायदळच. इंग्रज तुकडीने ८३४ पैकी २७५ माणसे गमावली, पण गाव सोडले नाही. इथे घोडदळ हरले असे म्हणण्यापेक्षा ते लढाईबाहेर राहिले, असे म्हणणे अचूक ठरते.

५. रचनेच्या बाजूचा पुरावा : मेडता, लासवारी आणि पानिपतचा वाद

भूभागाची फारशी मदत नसतानाही शिस्तबद्ध पायदळ घोडदळाला कसे थोपवते, याचा दाखला मेडत्याला मिळतो, आणि तिथे पायदळ मराठ्यांचे होते. १० सप्टेंबर १७९० रोजी महादजींच्या कवायती पलटणी मारवाडच्या राठोडांशी लढल्या. हुकूम नसताना पुढे गेलेल्या एका तुकडीवर राठोड स्वार तुटून पडले आणि तिला मागे रेटत मुख्य फौजेवर आले. द ब्वाञ्ञने तेवढ्या अवधीत पोकळ चौकोन उभा केला. राठोडांनी मरण पत्करून पुन्हा पुन्हा घोडी घातली, तरी चौकोन फुटला नाही. शौर्यात राठोड कमी पडले असे कोणीही म्हटलेले नाही. निकाल रचनेने दिला.

लासवारी (१ नोव्हेंबर १८०३) हा याहून बोलका दाखला आहे, कारण इथे अडले ते इंग्रजांचे घोडदळ. जनरल लेक आपले पायदळ मागे ठेवून पहाटे शिंद्यांच्या पलटणींवर चालून गेला. उंच गवतात तोफा झाकलेल्या होत्या आणि साखळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या. फ्रेंच अधिकारी निघून गेले असतानाही या पलटणींनी लेकचे हल्ले परतवले आणि पायदळ येईपर्यंत त्याला माघार घ्यावी लागली. नंतर इंग्रज जिंकले, पण सुमारे ८०० लोक गमावून. लासवारीत भूभाग आणि रचना एकाच बाजूला होते. म्हणून दोन्ही पक्षांचे अभ्यासक तिचा आधार घेतात.

पानिपतचा (१४ जानेवारी १७६१) वाद सर्वांत जुना आहे. १७६० मध्ये उदगीरच्या मोहिमेत भाऊंनी निजामाची गोलात, म्हणजे चहूबाजूंनी राखलेल्या रचनेत, चालणारी फौज तोफांच्या जोरावर जेरीस आणली होती. पानिपतातही कवायती पायदळाभोवती बांधलेल्या गोलाने लढायचा बेत होता, असे अनेक जण मानतात. काशीराज पंडिताच्या वृत्तान्तात इब्राहिमखानाने दोन पलटणी बगल राखायला वळवल्या आणि बाकीच्यांनी संगिनी रोखून रोहिल्यांना मागे रेटले, असे वर्णन आहे. मराठी परंपरेतील एका मतानुसार विंचूरकर आणि गायकवाडांच्या स्वारांनी उतावीळपणे गारद्यांच्या पुढे घोडी घातली. त्यामुळे गारद्यांच्या तोफांचा मारा अडला आणि गोल फुटला. दुसऱ्या मतानुसार उपासमार, सोबतचे बुणगे आणि अब्दालीने राखून ठेवलेले ताजे घोडदळ ही खरी कारणे होती आणि गोल फुटणे हा त्यांचा परिणाम. त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या पानिपतविषयक ग्रंथाने हा वाद पुष्कळ शास्त्रशुद्ध पातळीवर आणला, पण मिटवला नाही.

रचनेच्या मर्यादाही लढायांनीच दाखवल्या आहेत. १७७९ च्या जानेवारीत तळेगावाहून मागे फिरलेली इंग्रज फौज हार्टलीच्या पिछाडीने राखली. मराठी घोडदळ तिला फोडू शकले नाही, तरी वडगावला तिला तहावर सही करावी लागली. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनच्या पलटणींना मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पळवले. मॉन्सनचे शिपाई चौकोन करून लढत होते, पण तोफा चिखलात रुतून सोडाव्या लागल्या, नद्या फुगल्या होत्या आणि अन्न संपले होते. चौकोन घोड्याला अडवतो, भुकेला अडवत नाही. म्हणूनच जुन्या रीतीने लढणारे घोडदळ पायदळापुढे निकामी ठरले, असे सरसकट विधान टिकत नाही.

६. आष्टी आणि सोलापूर : तीन महिन्यांतल्या दोन लढाया

या सगळ्या वादाची परीक्षा घ्यायला सोलापूर जिल्ह्यातील १८१८ च्या दोन लढाया उपयोगी आहेत. नेहमीच्या चर्चेत त्या एकत्र आणल्या जात नाहीत.

बाजीराव सोलापूरहून पंढरपूरच्या रोखाने निघाल्याची खबर जनरल स्मिथला लागली. त्याने पायदळ मागे ठेवले आणि ड्रॅगून, मद्रासचे घोडदळ आणि घोड्यांवरच्या तोफा घेऊन रात्रभर मजल मारली. २० फेब्रुवारीच्या सकाळी त्याने आष्टीजवळ पेशव्यांचा तळ गाठला. बाजीराव घोड्यावर बसून निघून गेले. त्यांना आणि बाजारबुणग्यांना अवधी मिळावा म्हणून गोखले मागे थांबले. मद्रासचे घोडदळ ओढा ओलांडून रांग पुन्हा जुळवत होते. नेमक्या त्या क्षणी गोखल्यांनी निवडक काही शे स्वारांनिशी त्याच्या बगलेवर हल्ला चढवला. तिथे गोंधळ उडाला, खुद्द स्मिथच्या डोक्याला तलवारीची जखम झाली. शेजारच्या ड्रॅगूनांची तुकडी वळून धावून आली तेव्हा डाव फिरला. हातघाईत गोखले पडले. त्यांच्याबरोबर गोविंदराव घोरपडे आणि आनंदराव बाबर हेही पडले.

खडकीत ज्या प्रकारच्या जमिनीने गोखल्यांचा घात केला, त्याच प्रकारच्या जमिनीचा आष्टीला त्यांनी स्वतः उपयोग करून घेतला, हे या लढाईचे वैशिष्ट्य. अडथळा दोन्हीकडे होता. खडकीत तो हल्ला करणाऱ्याच्या वाटेत होता, आष्टीत प्रतिपक्षाच्या. आणि आष्टीला समोर पायदळाची एकही रांग नव्हती. तरीही हल्ला शेवटी अडलाच, कारण राखीव तुकडी वेळेवर वळवण्याची शिस्त इंग्रजांकडे होती आणि गोखल्यांच्या मागून येणारी लाट नव्हती. इथे निर्णायक ठरले ते पायदळही नाही आणि जमीनही नाही, दुसऱ्या लाटेची सोय.

पुढे मे महिन्यात जनरल मन्रो सोलापूरवर आला. १० मे रोजी त्याने पेठ घेतली. गणपतराव पानसे यांच्या हाताखाली पेशव्यांचे पायदळ आणि तोफखाना तटाबाहेर होता. या पायदळाने जोराने प्रतिकार केला, पण दिवसाअखेर ते सोलापूर सोडून सीना नदीच्या दिशेने मागे फिरले. इंग्रज सेनानी प्रिट्झलरने ड्रॅगून घेऊन त्याचा पाठलाग केला. उघड्या रानात, रचना सुटलेल्या अवस्थेत ते घोडदळाच्या तावडीत सापडले आणि शेकड्यांनी कापले गेले. काही दिवसांत किल्लाही पडला. तटाच्या आडोशाला असताना जे शिपाई उभे राहिले, तेच मोकळ्या मैदानात चौकोनाविना टिकले नाहीत. पायदळ घोडदळाला अडवते हे सूत्र पायदळ रचनेत असेपर्यंतच खरे आहे. सीनेकाठचा तो पाठलाग याचा आपल्या भागातला सर्वांत ठळक पुरावा.

७. अभ्यासकांच्या मुख्य भूमिका

आजवरच्या लिखाणातून चार भूमिका स्पष्ट दिसतात.

पहिली भूमिका ‘परंपरा सोडली’ या मताची. मराठ्यांनी आपली हलक्या घोडदळाची पद्धत टाकून कवायती पायदळ आणि जड तोफा धरल्या, त्यामुळे ते पकडीत आले, असे वेलस्ली आणि मन्रो यांचे मत होते. या मताला होळकर–मॉन्सन प्रसंगाचा आधार मिळतो. त्यावरचा आक्षेप असा की, असई आणि लासवारीला इंग्रजांना सर्वांत जास्त भोगावे लागले ते याच पायदळामुळे आणि तोफांमुळे.

दुसरी भूमिका ‘परंपरा पुरेशी सोडली नाही’ या मताची. राजवाड्यांनी शस्त्रनिर्मिती आणि भौतिक शास्त्रांतील मागासलेपणावर बोट ठेवले. न. चिं. केळकरांनी १९१८ च्या ‘मराठे व इंग्रज’मध्ये शिस्त आणि एकजुटीच्या अभावाचा विस्ताराने विचार केला. जेफ्री पार्करसारख्या पाश्चात्त्य अभ्यासकांच्या ‘लष्करी क्रांती’च्या मांडणीशीही ही भूमिका जुळते. बंदूक, कवायत आणि तटबंदी यांनी जगभर घोडदळाचे युग संपवले, असे ती मांडणी सांगते. तिच्यावरचा आक्षेप असा की, ती प्रत्येक लढाईतले योगायोग पुसून टाकते.

तिसरी भूमिका ‘मिश्रणा’ची. कौशिक रॉय यांनी दक्षिण आशियातील फौजांचा विचार देशी आणि युरोपीय पद्धतींच्या संयोगाच्या अंगाने केला आहे. या दृष्टीने घोडदळ आणि पायदळ एकमेकांचे शत्रू नसून पूरक अंगे आहेत, आणि खरा प्रश्न ती एका हुकमाखाली चालतात की नाही हा आहे. पानिपतातील गारदी व शिलेदार यांचा विसंवाद आणि असईला बाजूला उभे राहिलेले घोडदळ हे या भूमिकेचे मुख्य दाखले.

चौथी भूमिका रणांगणाच्या बाहेर पाहते. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ च्या ग्रंथात दाखवले की, १८०३ मध्ये मराठी तोफखाना व पायदळ दर्जात इंग्रजांच्या मागे नव्हते. अधिकारी फोडणे, पैसा आणि हेरगिरी यांनी निकाल ठरवला. योस खोमान्स यांचा घोड्यांच्या पैदाशीचा आणि व्यापाराचा अभ्यास सांगतो की, कोणत्या जातीचे घोडे कुठून आणि किती मिळतात यावर घोडदळाची लढण्याची रीत अवलंबून असते. या भूमिकेतून शिलेदाराचे कचरणे हा भित्रेपणा राहत नाही, तो साधा हिशेब ठरतो.

८. अजून न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पुराव्याच्या तोलाचा. खडकी, कोरेगाव आणि आष्टी यांची तपशीलवार वर्णने मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांची आहेत. ग्रँट डफ तर या काळात पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या हाताखाली चाकरी करत होता. मराठ्यांच्या संख्येचे आकडे त्यांच्याच अंदाजाचे आहेत आणि विजेत्यांचे आकडे शत्रूला मोठे करतात, हा नेहमीचा अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकानंतर मराठी कागदपत्रांचे मोठे संग्रह छापले गेले, तरी या लढायांच्या वर्णनात त्यांचा वापर राजकीय घटनांपुरता जास्त आणि रणांगणाच्या तपशिलासाठी कमी झाला आहे.

दुसरा प्रश्न हेतूचा. मराठी सेनानी घोडी घालत, तेव्हा रांग फोडणे हा हेतू असे, की शत्रूची फैर आधीच काढून घेणे आणि बगल हलवणे? खडकी आणि आष्टी दोन्हीकडे गोखल्यांनी विस्कळीत तुकडीवरच हल्ला केला. तसे असेल, तर ‘हल्ला अडला’ हे युरोपीय मापाने केलेले वर्णन पुन्हा तपासायला हवे.

तिसरा प्रश्न जमिनीचा. दोनशे वर्षांत रणांगणे बदलली आहेत. खडकीभोवती शहर वाढले. आष्टीचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे आणि उजनीच्या पाण्यानंतर या भागातल्या ओढ्यांचे आणि रानांचे रूप पालटले. आजच्या आष्टीवरून १८१८ ची जमीन वाचायची असेल, तर जुने नकाशे, महसुली मोजणीचे कागद आणि ओढ्यांच्या जुन्या वाटा एकमेकांशी जुळवून पाहाव्या लागतील. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ पासून धातुशोधक यंत्रांनी गोळ्यांच्या जागा नोंदवल्या गेल्या आणि शंभर वर्षांची ठाम समजूत बदलावी लागली. दख्खनच्या रणभूमींनाही ही पद्धत लागू पडते.

९. आज काय म्हणता येते

चारही भूमिका तपासल्यावर काही गोष्टी बऱ्याच खात्रीने सांगता येतात. एकट्या भूभागाने कुठलाही हल्ला कायमचा रोखला नाही, दलदलीपुढे स्थिर पायदळ लागले. एकटी रचनाही पुरेशी नव्हती, मॉन्सनच्या चौकोनांना पावसाने आणि भुकेने हरवले. दोन्ही एका बाजूला आले तिथे घोडदळ अडले, मग ते खडकीत मराठ्यांचे असो वा लासवारीत इंग्रजांचे. आणि दोन्ही निर्णायक नसताना, आष्टीसारख्या ठिकाणी, ज्याच्या हाती राखीव फौज आणि ती वेळेवर वळवणारा हुकूम होता त्याची सरशी झाली. मराठी घोडदळाच्या ऱ्हासाचे खापर घोड्यांवर, स्वारांच्या शौर्यावर किंवा एखाद्या ओढ्यावर फोडणे या पुराव्यात बसत नाही. घोडदळ, पायदळ आणि तोफखाना यांना एका हुकमाखाली चालवणारी यंत्रणा अखेरच्या दशकांत मोडकळीला आली होती. उपलब्ध पुराव्यावर आज उभा राहणारा निष्कर्ष तो हाच.

पुढचे काम जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभ्यासकांचे आहे. सोलापूर आणि मोहोळ परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि भूगोल विभागांनी एकत्र येऊन आष्टीच्या ओढ्यांची आणि सीनेकाठच्या पाठलागाच्या वाटेची पाहणी हाती घ्यावी. कालवे, रस्ते आणि सपाटीकरण यांत उरलेल्या खुणा बुजण्याआधी ती व्हायला हवी.